ब्रिटिश नवऱ्याकडे स्पाउज व्हिसावर आल्यावर मुलीसाठी चाइल्ड बेनिफिट घेता येतं का?

तुम्ही लिहिलंय की मार्चमध्ये नाशिकहून स्पाउज व्हिसावर स्लाऊला आलात. नवरा ब्रिटिश नागरिक, पगार ६४ हजार पौंड. दोन वर्षांच्या मुलीचा पासपोर्टही ब्रिटिश. चाइल्ड बेनिफिटचा, म्हणजे मुलांसाठी सरकार देतं त्या भत्त्याचा, अर्ज केला तर पुढे तुमचा व्हिसा वाढवून मिळणार नाही, असं नवऱ्याच्या मित्राने सांगितलंय. मग करायचा की नाही?

करा. फक्त अर्जदार तुम्ही नाही, नवरा. आणि उद्यावर ढकलू नका, कारण याच भीतीपायी मी हजारेक पौंड घालवून बसले आहे.

मी २०१७ मध्ये साताऱ्याहून इथे आले. माझ्या व्हिसाच्या कार्डावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं: नो पब्लिक फंड्स, म्हणजे सरकारी भत्ते घ्यायचे नाहीत. आता कार्डं गेली, ई-व्हिसा आला, पण अट तीच आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत मुलगा झाला. त्या वर्षी गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत एका काकूंनी डोळे मोठे करून सांगितलं, "सरकारचा एक पैसा घरात आला तरी तुझं पीआर गेलं म्हणून समज." काकू इथे तीस वर्षं राहिलेल्या, त्यांना खोटं कसं म्हणायचं? आम्ही गप्प बसलो. शेवटी नवऱ्याने स्वतः नियम वाचला आणि २०२० च्या एप्रिलमध्ये अर्ज केला. मागचे पैसे जास्तीत जास्त तीन महिन्यांचेच मिळतात. त्या वेळी आठवड्याला २०.७० पौंड मिळायचे, आणि अकरा महिने बुडाले. हिशोब तुम्हीच करा.

नियम असा आहे. चाइल्ड बेनिफिट हा पब्लिक फंडच आहे, त्यात काकू चुकल्या नव्हत्या. पण ती अट तुमच्यावर आहे, तुमच्या नवऱ्यावर नाही. तो नागरिक आहे, इथे राहतो, मुलगी त्याच्याजवळ आहे, म्हणजे हक्क त्याचा. इमिग्रेशनच्या नियमात हेही लिहिलंय की जोडीदाराला मिळणाऱ्या पैशाचा तुम्हाला नुसता आधार झाला, तर तो अटीचा भंग होत नाही. भंग कधी होतो? तुम्ही इथे आहात म्हणून त्याची रक्कम वाढली तर. चाइल्ड बेनिफिट मुलांच्या संख्येवर मिळतं, घरात बायको आहे की नाही यावर नाही. तुमच्या येण्याने त्यात एक पेनीही वाढत नाही. फॉर्ममध्ये जोडीदाराची माहिती विचारतात, ती खरी द्या, लपवण्यासारखं काही नाहीच. माझं व्हिसाचं एक्स्टेन्शन आणि २०२२ मधलं आयएलआर (इथे कायम राहण्याची परवानगी, काकूंच्या भाषेत पीआर), दोन्ही बिनबोभाट झालं.

हेच मुलगी ब्रिटिश नसती आणि तुमच्यासोबत व्हिसावर आली असती, तर गोष्ट वेगळी होती. मग तिच्या येण्यामुळेच पैसा वाढला असा अर्थ निघतो. पहिल्या लग्नाची मुलं घेऊन आलेल्या कुणी हे वाचत असेल, तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, माझ्या उत्तरावर जाऊ नका.

आता तुमच्या ६४ हजारांचं. पती-पत्नीपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याचं ६० हजारांच्या वर गेलं की दर २०० पौंडांमागे बेनिफिटचा एक टक्का करातून परत द्यावा लागतो. ८० हजारांना सगळंच परत जातं. तुमचे ४ हजार वर आहेत, म्हणजे २० टक्के. २०२५-२६ च्या दराने पहिल्या मुलाचे आठवड्याला २६.०५ पौंड, वर्षाचे साधारण १,३५५. त्यातले २७१ परत द्यायचे, उरलेले तुमचे. नवरा पेन्शनमध्ये थोडी जास्त रक्कम टाकत असेल, तर हिशोबातलं उत्पन्न कमी होऊन तेही वाचतील.

आणि पगार उद्या ८० च्या वर गेला, तरी नोंदणी राहू द्या, फक्त पैसे नको म्हणून कळवा. ही गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मूल बारा वर्षांचं होईपर्यंत अर्जदाराला नॅशनल इन्शुरन्सचं (एरवी पगारातून कापला जातो तो सरकारी विमा) क्रेडिट मिळतं, ते सरकारी पेन्शनच्या वर्षांत धरतात. पूर्ण पेन्शनला ३५ वर्षं लागतात, काहीही मिळायला किमान १०. नवरा नोकरी करतो, त्याचं वर्ष पगारातूनच भरतं, त्याला त्या क्रेडिटचा काडीचा उपयोग नाही. घरी मूल सांभाळत बसलेलो असतो आपण! ते क्रेडिट जोडीदाराच्या नावावर करून घेता येतं. फॉर्मचं नाव सीएफ४११ए, करवर्ष संपल्यावर भरायचा. मी भरला आणि माझी वर्षं जमा झाली.

तुमचा नवरा इतके दिवस एकटा राहत होता ना? मग त्याला कौन्सिल टॅक्समध्ये (इथली घरपट्टी) २५ टक्के सूट असणार. तुम्ही आलात त्या दिवसापासून ती गेली. कौन्सिलला कळवलं नसेल तर आजच कळवा. मित्रमंडळी व्हिसाची खोटी भीती घालतात आणि हे खरं सांगायचं विसरतात.

ज्यांच्या घरी युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नासाठीची सरकारी मदत) येतं, त्यांनी मात्र जपून. जोडीदार आला हे कळवावंच लागतं. ब्रिटिश जोडीदाराला रक्कम एकट्या माणसाच्याच दराने मिळते, पण बायकोचा पगार आणि दोघांची बचत मात्र हिशोबात धरतात. चुकून जोडप्याचा दर लागला, तर तेव्हा खरोखरच तुमच्या व्हिसाचा प्रश्न येतो.

मुलीचा जन्म नाशिकचा असेल तर तिचा मूळ जन्मदाखला आणि ज्या पासपोर्टवर ती इथे आली तो हाताशी ठेवा, बाहेर जन्मलेल्या मुलांसाठी मागतात. दाखल्यावर तिचं नाव आहे ना, तेवढं बघा. आपल्याकडे बारशाआधी दाखला काढतात आणि नावाचा रकाना कोराच राहतो. तसं असेल तर नाशिकला कुणाला तरी महापालिकेत पाठवून नाव घालून घ्या. पण त्यासाठी अर्ज अडवून ठेवू नका, तीन महिन्यांचं घड्याळ चालूच असतं.