एमपीएससीत अडकल्यासारखं वाटतंय त्याला

मित्रा, एमपीएससीत अडकल्यासारखं वाटतंय, पुढं काय करू, हे तुझं लिहिलेलं वाचलं आणि २ वेळा प्रिलिम (पूर्व परीक्षा) गेल्यावर सदाशिव पेठेतल्या कॉटवर पडून छताकडे बघत बसलेला मीच आठवलो. पुढं काय हे आत्ता ठरवूच नकोस, खरंच. त्या अवस्थेत घेतलेला निर्णय रागात घेतलेला असतो, मी पुस्तकं रद्दीत घातली होती आणि महिन्याभरात परत विकत आणली.

आधी फक्त अभ्यासिकेत जा. २ तास बस, जास्त नको. सीसॅटचे, म्हणजे प्रिलिमच्या आकलन-बुद्धिमत्तेच्या पेपरचे, २ उतारे रोज सोडव कारण त्यात ३३ टक्के नाही पडले तर जीएसचे (सामान्य अध्ययनाचे) मार्क कितीही असू देत उपयोग नाही, आणि राज्यसेवा मेन्स (मुख्य परीक्षा) आता वर्णनात्मक झालीय, १७५० मार्कांची, तर रोज एक उत्तर हाताने लिही, घाण आलं तरी चालेल, पहिले १५-२० दिवस माझं अर्धं पानसुद्धा भरत नव्हतं.

दुसरं म्हणजे पैसे. घरून मागवताना जीव कसा तुटतो ते माहितीय मला. सकाळी ३-४ तासाचं काही काम बघ, मी दहावीच्या पोरांना गणित शिकवायचो, मेसचं बिल निघायचं आणि मुख्य म्हणजे दिवसात कुणाशी तरी बोलणं व्हायचं.

खुल्या गटाला ३८ पर्यंत वय आहे म्हणून ३८ पर्यंत थांबायचं असं नसतं रे, एक तारीख ठरव आणि ती आईला सांग. झोप लागत नसेल तर डॉक्टरकडे जा. आज रात्री जेवलास का ते कळव.