गुरू नानकांनी योगमार्ग नाकारला होता का?

सरसकट नाही. त्यांनी नाकारला तो संसार सोडण्याचा आग्रह आणि वेशाचा बडेजाव. शीख कवी भाई गुरदासांच्या पहिल्या 'वार'मध्ये (दीर्घ कथाकाव्यात) पंजाबातल्या अचल बटाल्याच्या शिवरात्रीच्या जत्रेतला प्रसंग आहे. भंगरनाथ हा नाथपंथी योगी नानकांना टोचून विचारतो, उदासी (विरक्ताचा) वेश टाकून पुन्हा संसारात पडलात, दुधात आंबट का कालवलंत? उत्तर चांगलंच झणझणीत आहे: घरदार सोडता आणि भीक मागायला परत गृहस्थांच्याच दारात जाता!

पण नुसती खडाजंगीच झाली असं समजू नका. रामकली रागातली 'सिध गोसटि' (सिद्ध योग्यांशी संवाद) ही नानकांची 73 पदांची रचना जमलं तर वाचाच. योगी विचारतात, तुमचा गुरू कोण? नानक म्हणतात, शब्द हाच गुरू. शून्य, अनाहत नाद (आघाताविना आत उमटणारा ध्वनी) ही परिभाषा नाथांचीच (ज्ञानेश्वरांची गुरुपरंपराही नाथांची, त्यामुळे आपल्याला ती परकी वाटत नाही), रोख मात्र नामाकडे वळवलेला. जपुजीतही (नानकांच्या रोजच्या पठणातल्या रचनेत) योग्याचा सगळा सरंजाम तसाच ठेवलाय, फक्त कानातली मुद्रा संतोषाची आणि अंगाची राख ध्यानाची.