घनता राहू द्या, आधी हिवाळ्याचे आकडे पूर्ण आहेत का ते बघा

तुम्ही विचारलंय की नेदरलँड्समध्ये दर चौरस किलोमीटरला पाचशेच्या वर माणसं, म्हणजे आपल्याहून जास्तच, तरी हवा इतकी चांगली कशी, आणि अॅपवरच्या एक्यूआयला (हवा किती खराब ते सांगणारा निर्देशांक) लोकसंख्येच्या घनतेने भागून देशांची क्रमवारी लावली तर चालेल का. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी ह्याच तक्त्यापाशी अडकले होते म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी शास्त्रज्ञ नाही, कोणी जाणकार असतील तर दुरुस्त करा.

तो भागाकार नका करू. मंगोलियात चौरस किलोमीटरला जेमतेम २ माणसं, पण देशातली जवळपास निम्मी वस्ती एकट्या उलानबाटरमध्ये, तेही डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात, आणि थंडीत गेर म्हणजे गोल तंबूंच्या वस्त्यांमध्ये घरोघरी कोळशाच्या शेगड्या पेटतात, धूर वर जातच नाही. २०१९ मध्ये कच्च्या कोळशावर बंदी आणावी लागली त्यांना. काय जळतं, कुठे जळतं आणि वारा किती, ह्यावर सगळं ठरतं. नेदरलँड्सला सपाट जमीन, समुद्राचा वारा, स्वयंपाक गॅस नाहीतर विजेवर, उघड्यावर कचरा जाळणं जवळपास नाही. आपल्या गंगेच्या मैदानात मात्र हिमालय आडवा आणि हिवाळ्यात थंड हवा खालीच बसलेली.

एक्यूआय पण नको. पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, घनमीटरला चोवीस तासांत सरासरी ६० मायक्रोग्रॅम असेल तर आपल्याकडे एक्यूआय १०० म्हणजे 'समाधानकारक', अमेरिकेच्या पट्टीवर तीच हवा १५० च्या वर. सरळ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर घ्या, वार्षिक सरासरी, आणि मिळाली तर लोकसंख्येनुसार भारित, म्हणजे जिथे माणसं जास्त तिथल्या आकड्याला वजन जास्त.

आता मला सगळ्यात महागात पडलं ते सांगते. एका कार्यालयात तासागणिक आकडे मागायला गेले तर "वेबसाइटवर एक्यूआय आहे ना, तोच घ्या" म्हणाले, मग पुन्हा पुन्हा चकरा मारल्यावर मासिक सरासरीचा स्कॅन केलेला कागद दिला, तो सुद्धा तिरका. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला तेव्हा कुठे तासागणिक फाइल आली आणि कळलं की डिसेंबर-जानेवारीत हवा मोजणारं यंत्र बहुतेक काळ बंदच होतं, आणि वार्षिक सरासरी पावसाळ्याच्या धुतलेल्या हवेवर काढून खाली सही ठोकलेली! कागदावर कुठेही एका ओळीची टीप नाही. माझं अख्खं सेमिस्टर त्यात गेलं, आणि त्याच आकड्यावर कोणीतरी आपलं शहर स्वच्छ म्हणून मिरवत असणार, दम्याच्या पोरांचे आईबाप त्यावर विश्वास ठेवत असणार, ह्याचा राग अजून जात नाही.

तेव्हा कुठलाही वार्षिक आकडा घेताना किती तासांची नोंद आहे आणि थंडीचे महिने धरलेत का, हे आधी विचारा. माझ्या मते ७५ टक्क्यांहून कमी नोंदी असतील तर ते हवा मोजणारं केंद्र सरळ वगळावं, काहींना हे कडक वाटेल.

अजून एक, नायट्रोजन डायऑक्साइड घेणार असाल तर एकक बघा. काही देश पीपीबीमध्ये (हवेच्या अब्ज भागांत किती भाग) देतात, १ पीपीबी म्हणजे सुमारे १.९ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर.

तुमच्या तक्त्यात भारताचं कुठलं केंद्र घेतलंय ते इथे टाका, महिनावार नोंदी कशा तपासायच्या ते सांगते.