मॅटवर पाय जड होतात त्याबद्दल

पैलवान मुलाचे वडील म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुलगा १९ वर्षांचा, तालमीत आपल्या वजनातल्या सगळ्यांना खेळवतो, पण निवड चाचणीला मॅटवर उतरला की पहिल्याच मिनिटात पाय जड पडतात, पट (समोरच्याचा पाय धरून पाडायचा डाव) निघत नाही, आणि दोन गुण गेले की पुढची कुस्तीच जाते. वस्ताद म्हणतात, मन कच्चं आहे.

मनाकडे नंतर वळू. मातीतल्या पोराला खडाखडीची सवय असते. सलामी झाली की मान दाबून जोर अजमावायचा, समोरचा दमेपर्यंत थांबायचं. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात, मातीवर ते चालतं, जाणकार दादही देतात. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये ३० सेकंद. पहिली दोन मिनिटं कोरी गेली तर पंच एकाला निष्क्रिय ठरवतात, आणि पुढच्या ३० सेकंदांत कुणालाच गुण मिळाला नाही तर समोरच्याला एक गुण. घरचे ज्याला भीती म्हणतात त्यात बराच भाग या थांबायच्या सवयीचा असतो.

म्हणून आधी सुरुवातीची तालीम करा. एकच पहिला डाव ठरवायचा, उदाहरणार्थ मान ओढून एकेरी पट, म्हणजे एकच पाय धरायचा. दोन-तीन पर्याय ठेवू नका. छाती धडधडत असताना निवड करण्यातच क्षण जातो. शिट्टी, २० सेकंद, त्यात पायाला हात लागलाच पाहिजे. पट निघाला नाही तरी चालेल. ४० सेकंद विश्रांती, असं आठ वेळा, आठवड्यातून तीन दिवस, आणि दर वेळी जोडीदार बदलून. रोजच्या जोडीदाराला त्याचा पट पाठ असतो, नाहीतर तो लाडात पाय सोडतो. दोन्हींचा उपयोग शून्य.

दुसरं, पिछाडीवरून खेळणं. ०-४ मागे, एक मिनिट बाकी, समोर घड्याळ, पंच म्हणून दुसऱ्या तालमीतला कुणीतरी, कडेला बघणारी पोरं. आठवड्यातून दोनदा पुरे, आणि स्पर्धेच्या चार-पाच दिवस आधी बंद. हरल्यावर दोनशे बैठका लावायची पद्धत मला पटत नाही. पोरगं त्यातून हल्ला न करायला शिकतं, कारण चूक हल्ला करतानाच होते.

आता श्वास. नाकाने चार आकडे आत, तोंडाने सहा आकडे बाहेर, रोज रात्री पाच मिनिटं, निदान तीन आठवडे. कुस्तीच्या दिवशी पहिल्यांदाच करून बघितलं तर उलट गुदमरल्यासारखं होतं. आपल्याकडे लगेच तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे यांच्या शांतपणाचं उदाहरण देतात. ते नेमबाजीला ठीक. तिथे हाताला आलेला कंपही नडतो. पैलवान तेवढा थंड झाला तर पहिला पट उशिरा सुटतो. त्यामुळे हा श्वास नाव पुकारण्याच्या १५-२० मिनिटं आधी, आणि शेवटची तीन मिनिटं उलटं काम: जागेवर उड्या, छोट्या धावा, घाम फुटेपर्यंत. मांडीवर शड्डू ठोकायची आपली जुनी रीत नेमकं हेच करते. ती मॅटच्या बाहेर करायला कुणाची ना नाही.

दोन फेऱ्यांमधले ३० सेकंद कोपऱ्यातले लोकच वाया घालवतात. पहिले दहा नुसता श्वास, कुणी बोलायचं नाही. मग वस्तादांचं एकच वाक्य, तेही डावाचं: "डावा पाय पुढं येतोय, तोच धर." "घाबरू नको" म्हटलं की पोराला भीतीच आठवते. शेवटचे दहा उभं राहून पाय हलते ठेवायचे. आणि रागावू नका, पण तुम्ही कोपऱ्याजवळ बसू नका. गुण गेला की असा मुलगा बापाच्या चेहऱ्याकडे बघतो, आणि तेवढ्यात दुसरा गुण जातो.

डोळे मिटून कुस्ती बघण्याचा सराव बहुतेक जण चुकीचा करतात: गळ्यात पदक, खांद्यावर मिरवणूक. त्याऐवजी सहा-सात मिनिटं, खऱ्या वेगाने, स्वतःच्या डोळ्यांतून, आणि त्यात दोन गुण गेलेलेही बघायचे. गेले, मॅटच्या मध्यावर आलो, श्वास सोडला, पुन्हा तोच एकेरी पट. हे आधीच ठरलेलं असलं की गुण गेल्यावर विचार करत उभं राहावं लागत नाही.

एक गोष्ट वस्तादांना जरूर विचारा: वजन कसं उतरवतो? आदल्या दिवशी पाणी तोडून दोन-तीन किलो काढत असेल तर पाय जड होणं, चिडचिड, डाव उशिरा सुचणं हे सगळं त्यातूनही येतं. मग वरचं सगळं करूनही फरक दिसणार नाही. आधी वजनगट बघा.

निवडीला सहा आठवडे असतील तर सगळं बसवता येईल. दहाच दिवस असतील तर पहिला पट आणि मधले ३० सेकंद एवढंच घ्या, बाकीला हात लावू नका.