बाळाच्या जुलाबात प्रोबायोटिकचा उपयोग किती?

प्रश्न : माझा मुलगा सव्वा वर्षाचा आहे. मागच्या महिन्यात त्याला दिवसातून आठ-नऊ वेळा पाण्यासारखे जुलाब झाले. डॉक्टरांनी जलसंजीवनी, झिंकचे औषध आणि प्रोबायोटिकच्या (आतड्याला उपकारक मानल्या जाणाऱ्या जिवंत जिवाणूंच्या) कुप्या लिहून दिल्या. जलसंजीवनी तो थुंकून टाकत असे. कुप्या मात्र आम्ही वेळेवर दिल्या. चार दिवसांनी जुलाब थांबले. हा कुप्यांचाच गुण समजावा का? त्या घरात आणून ठेवाव्यात का, की घरचे दही पुरेसे आहे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : लहान मुलांचे असे जुलाब बहुधा विषाणूंमुळे होतात आणि काहीही दिले किंवा न दिले तरी सहसा आठवड्याभरात थांबतात. त्यामुळे त्या काळात जे औषध चालू असते, त्याला श्रेय मिळते. प्रोबायोटिकच्या बाबतीत हे तपासून पाहिले गेले आहे. कॉक्रेन या संस्थेने 2010 मध्ये 63 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा जुलाबाचा काळ सुमारे एक दिवसाने कमी होतो असे दिसले होते, आणि त्यानंतर या कुप्यांवरचा विश्वास साहजिकच वाढला. पुढे 2018 मध्ये अमेरिका व कॅनडा येथील दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. अमेरिकेतील चाचणीत 971 मुले होती. लॅक्टोबॅसिलस हे प्रोबायोटिक जिवाणू दिलेल्या मुलांपैकी निम्म्यांचे जुलाब 49.7 तासांत थांबले, तर औषधासारखीच दिसणारी निष्क्रिय पूड दिलेल्यांपैकी निम्म्यांचे 50.9 तासांत. कॅनडातही वेगळे काही आढळले नाही. कॉक्रेननेही 2020 च्या आढाव्यात आपला निष्कर्ष बदलला.

युरोपातील बालपचनतज्ज्ञांची संघटना मात्र या जिवाणूंच्या काही ठरावीक जातींची, तीही सौम्य शब्दांत, शिफारस करते. प्रोबायोटिक हे एकच औषध नव्हे. एका जातीचा गुण दुसरीला लागू होत नाही, आणि त्या दोन चाचण्यांतील मुले श्रीमंत देशांतील असल्याने तेथील निष्कर्ष आपल्याकडील कुपोषित बालकाला जसाच्या तसा लावणेही योग्य नाही. निरोगी बाळाला कुपी दिल्याने सहसा अपाय होत नाही. माझी खरी काळजी वेगळी आहे : तुमच्या घरी कुपी वेळेवर गेली आणि जलसंजीवनी राहून गेली.

जुलाबात मूल दगावते ते पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या (कॉलऱ्याच्या) रुग्णांना जलसंजीवनीसारखेच मीठ-साखरेचे द्रावण तोंडाने देऊन मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या आत आणले. बाळ थुंकत असेल तर वाटीचमच्याने, मिनिट-दोन मिनिटांनी एकेक चमचा पाजावा. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर 50 ते 100 मिलिलिटर द्रावण लागते. पुडीवर लिहिले असेल तितक्याच उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण पुडी विरघळवावी आणि द्रावण 24 तासांत संपवावे. दुकानातील खोक्यांतली फळांच्या चवीची गोड पेये त्याऐवजी देऊ नयेत, कारण जास्त साखरेने आतड्यात पाणी ओढले जाऊन जुलाब वाढतात. झिंक सहा महिन्यांवरील मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी 10 ते 14 दिवस द्यावे.

दही अवश्य द्यावे, पण अन्न म्हणून. विरजणात कोणते जिवाणू किती आहेत हे ठरलेले नसते, तेव्हा त्याला औषध मानू नये. अंगावरचे दूध, मऊ वरणभात, पेज हे सारे चालू राहू द्यावे. जुलाबात उपाशी ठेवण्याची जुनी रीत बाळाला अशक्त करते.

घरात ठेवायच्याच असतील तर जलसंजीवनीच्या पुड्या ठेवा. अपुऱ्या दिवसांचे बाळ, प्रतिकारशक्ती खालावलेले मूल किंवा मोठ्या शिरेत नळी असलेले मूल यांना प्रोबायोटिक डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच देऊ नये. शौचात रक्त दिसले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, डोळे खोल गेले, बाळ मलूल पडले किंवा पाणीही पोटात ठरेना, तर वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्यावे आणि वाटेतही चमच्याने जलसंजीवनी देत राहावे.