दिवाळीच्या सुट्टीत गाडीने राजस्थान? आधी वाळवंट, मग डोंगर

मुलं आणि आजी-आजोबांना घेऊन गाडीने राजस्थान, आधी माउंट अबू-उदयपूर आणि मग जैसलमेर, असा बेत तुम्ही कळवलात आणि मत विचारलंत. मुंबईहून निघणार असाल तर पहिल्या दिवशी अहमदाबादच्या पुढे जायचा हट्ट नको. मागे मुलं आणि आजी-आजोबा आहेत, हे विसरू नका.

तुमच्या आराखड्यात माउंट अबू आणि उदयपूर आधी आहेत. मी उलटं करेन. दिवाळीनंतरच्या लाभपंचमीपर्यंत अख्खा गुजरात तिथे लोटलेला असतो आणि हॉटेलवाले म्हणतील तो भाव. बाडमेरमार्गे थेट जैसलमेर गाठा. येताना जोधपूर, राणकपूर, कुंभलगड, उदयपूर करा. अबूसाठी दिवस उरला नाही तर सोडून द्या, बिघडत नाही.

जैसलमेरच्या बाजूचे रस्ते सरळ, मोकळे. धोका तोच! गाडीचा वेग वाढलेला कळतही नाही आणि संध्याकाळी गाई, उंट, नीलगाई आडव्या येतात. नोव्हेंबरमध्ये सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणून मुक्कामी पाचलाच पोहोचायचं, असं धरून सकाळी निघा. डिझेल-पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरून घ्या.

जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूत दुपारी शर्ट घामेजतो आणि रात्री तंबूत स्वेटर, कानटोपी लागते. तिथल्या भाड्याच्या जीपमध्ये लहान मुलांना बसवू नका. टेकाडांवरून बेफाम हाकतात.

राणकपूरचं जैन मंदिर पर्यटकांना दुपारी बारानंतरच पाहता येतं, त्यामुळे जोधपूरहून पहाटे पळायची गरज नाही. पुढचा कुंभलगडचा घाट अरुंद आणि वळणांचा आहे. मुलांना गाडी लागत असेल तर जेवण घाट संपल्यावर.