सही करण्याआधी तिने धक्क्यावर जाऊन यावं

प्रश्न : माझी मुलगी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला दोन नोकऱ्या चालून आल्या आहेत. एक मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीतली, दुसरी चालकाविना धावणाऱ्या बोटी आणि वॉटर टॅक्सी बनवणाऱ्या स्टार्टअपमधली. तिथे जेमतेम पंधरा-वीस माणसं आहेत आणि पगारही कमी आहे, पण तिचा जीव तिथेच अडकलाय. चालकाविना गाड्या अजून रस्त्यावर नीट रुळल्या नाहीत, मग पाण्यावरच्या टॅक्सीचा काय भरवसा? दोन वर्षांत कंपनी गुंडाळली तर हिचं पुढे काय? — एक आई

उत्तर : नमस्कार. तुमची काळजी रास्त आहे. अशी कंपनी दोन वर्षांत बंद पडू शकते, तसं होणार नाही असं मी म्हणणार नाही. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे : तिथे असेपर्यंत तुमच्या मुलीचे हात प्रत्यक्ष बोटीला लागणार आहेत का? लागणार असतील तर कंपनी बुडाली तरी ती काहीतरी कमावूनच बाहेर पडेल. नसतील तर मोठी कंपनी बरी.

हे क्षेत्र हवेतलं नाही, एवढं आधी सांगते. फिनलंडमध्ये डिसेंबर 2018 मध्ये ‘फाल्को’ नावाची मोटारी वाहून नेणारी फेरीबोट कर्मचाऱ्यांनी हात न लावता एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याला जाऊन धक्क्याला लागली. अॅमस्टरडॅमच्या कालव्यांसाठी अमेरिकेतलं एमआयटी विद्यापीठ आणि अॅमस्टरडॅममधली एक संस्था यांनी मिळून ‘रो-बोट’ (Roboat) प्रकल्प हाती घेतला. आधी लहान नमुने, मग 2021 मध्ये पाच माणसं बसतील अशी पूर्ण आकाराची बोट. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइममध्ये 2022 साली विद्यापीठाच्या छोट्या विजेच्या फेरीबोटीतून सामान्य लोकांनी कालवा ओलांडला आणि त्याच विद्यापीठातून निघालेल्या झीबझ कंपनीचं तंत्रज्ञान 2023 मध्ये स्टॉकहोमच्या प्रवासी फेरीबोटीवर चढलं. पण यात एक गोष्ट तुमच्या लक्षात यायला हवी. स्टॉकहोमच्या फेरीबोटीवरही देखरेखीला माणूस ठेवलेलाच होता. चालकाची केबिन रिकामी असलेली वॉटर टॅक्सी ही अजून पुढची गोष्ट आहे.

कारण पाणी रस्त्यासारखं वागत नाही. बोटीला ब्रेक नसतो. इंजिन बंद केलं तरी प्रवाह तिला एकीकडे ओढतो, वारा दुसरीकडे ढकलतो. सगळ्यात कठीण असतात ते धक्क्याजवळचे शेवटचे काही मीटर. वेग कमी केला की सुकाणूवरून पाणी जोराने वाहत नाही, त्यामुळे सुकाणू वळवूनही बोट वळत नाही. नेमक्या त्याच वेळी बाजूने वारा आला तर ती धक्क्यावर आपटते किंवा दूर सरकते. अनुभवी तांडेल हे आधी ओळखतो आणि थोडा तिरका येतो. ही समज मशीनला द्यायची, म्हणून अशा अनेक बोटींना बाजूलाही ढकलू शकतील असे थ्रस्टर, म्हणजे पाण्यातले छोटे पंखे, लावतात आणि प्रत्येकाने किती जोर लावायचा याचं गणित सॉफ्टवेअर क्षणाक्षणाला करत राहतं.

बघण्याचीही तीच अडचण. लायडार म्हणजे लेसर किरणांनी अंतर मोजणारं यंत्र; त्याचे किरण शांत पाण्यावरून बहुतेक परत येतच नाहीत. उन्हाची चकाकी कॅमेऱ्याला आंधळं करते, लाटांमुळे रडारवर खोटे ठिपके उमटतात, पुलाखाली जीपीएस तुटतं. मोठी जहाजं एआयएस या रेडिओ यंत्रणेवरून आपली जागा कळवतात, पण छोट्या होडीत वल्हं मारणारा किंवा पोहणारा माणूस काहीच कळवत नाही. म्हणून अनेक सेन्सरांची माहिती एकत्र करून, त्यातलं कोणतं कधी खोटं बोलतंय हे ओळखावं लागतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलीसाठी याहून कसदार काम मला तरी पटकन सुचत नाही. हेच काम ड्रोनमध्ये लागतं, गोदामातल्या रोबोटमध्ये लागतं, बंदरांच्या यंत्रांमध्ये आणि पाण्याची खोली मोजणाऱ्या मानवरहित सर्वेक्षण बोटींमध्येही लागतं. कंपनी गेली तरी हे कसब तिचंच राहील.

‘मेफ्लॉवर’ नावाची स्वयंचलित बोट अटलांटिक ओलांडायला निघाली होती, तिची कथा मुलीला जरूर वाचायला सांगा. 2021 चा पहिला प्रयत्न यंत्रातल्या बिघाडामुळे सोडावा लागला. 2022 मध्येही विजेच्या व्यवस्थेतल्या बिघाडांनी तिची वाट दोनदा वळवली आणि शेवटी ती कॅनडातल्या हॅलिफॅक्सला पोचली. कृत्रिम बुद्धिमत्तेचा एवढा गाजावाजा, आणि अडलं कुठे? जनरेटर, चार्जिंग, जोडण्या यांपाशी. खाऱ्या हवेत कनेक्टर कसा गंजतो हे ज्याला माहीत आहे, त्या इंजिनिअरची या धंद्यात किंमत असते. ते लॅपटॉपवर बसून कळत नाही.

आता कंपनी पारखायची कशी? मी सगळ्यात आधी परवानगीबद्दल विचारेन. समुद्रावर टक्कर टाळण्याचे 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यातला पाचवा नियम म्हणतो की प्रत्येक जहाजाने नजरेने आणि कानाने सतत पहारा ठेवायचा. माणूसच नसेल तर हा पहारा कोणाचा, यावरच वर्षानुवर्षं खल चालला आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2021 मध्ये याबाबतच्या नियमांचा आढावा पूर्ण केला, पण तिचा भर परदेशी फेऱ्या करणाऱ्या मोठ्या जहाजांवर. शहरातल्या वॉटर टॅक्सीला परवानगी स्थानिक यंत्रणाच देणार. तेव्हा आपल्याला कोणत्या पट्ट्यात, कोणाच्या देखरेखीखाली, किती लोकांना घेऊन चाचणी करता येते हे संस्थापकाला नेमकं सांगता आलं पाहिजे. ‘सहा महिन्यांत माणसाशिवाय प्रवासी नेऊ’ असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर मी तिथे मुलीला पाठवणार नाही. ‘आधी तांडेलाला मदत करणारी यंत्रणा विकू, धक्क्याला लावणं सोपं करू, मग पुढचं’ असं म्हणणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण त्याच्याकडे मधल्या काळात गिऱ्हाईक असेल. हातातला पैसा किती महिने पुरेल हेही तिने सरळ विचारावं. हा प्रश्न उद्धट नाही.

आणि चाचणी बघायला जाऊ द्या म्हणावं. बोट पाण्यात आहे की शेडमध्ये धूळ खातेय, काही बिघडलं तर ताबा घ्यायला बोटीवर कोण असतं, झालेल्या चुका कुठे लिहून ठेवतात का, हे एका दुपारीत दिसतं. नकार मिळाला तर तेही उत्तरच आहे.

पगाराबद्दल सरळच बोलते. घर तिच्या पगारावर चालणार असेल किंवा शैक्षणिक कर्जाचे हप्ते डोक्यावर असतील, तर मोठी कंपनी घ्यावी. फावल्या वेळात व्हीआरएक्स या मोफत सिम्युलेटरवर बोट चालवून बघता येते, ‘रोबोबोट’सारख्या विद्यार्थी स्पर्धांचे संघ आपलं काम उघडपणे मांडतात, ते अभ्यासता येतं. दोन-तीन वर्षांनीही हे दार उघडं असेल. तशी ओढाताण नसेल तर तिला जाऊ द्या. स्टार्टअपने पगाराच्या बदल्यात देऊ केलेले शेअर्स मात्र हिशोबात शून्य धरा.

करारपत्रातली दोन कलमं तुम्ही दोघींनी बसून वाचा : बाँड आहे का, आणि चाचणीच्या वेळी ती बोटीवर असताना अपघात झाला तर विमा कोणाचा. आणि तिला पोहता येत नसेल, तर रुजू होण्याआधीच शिकायला सुरुवात करू दे.